भाड्याने येणारी श्वान सेवा: ऐरोलीच्या गेटवरची स्टेला, ब्राव्हो आणि त्यांच्या ड्युटीचा तक्ता

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांच्या गेटवर सकाळी गाड्यांभोवती फिरणारा लॅब्रेडॉर दिसला की लोकांना वाटतं, पोलिसांचा आहे. बहुतेक वेळा तो खासगी सुरक्षा एजन्सीचा असतो आणि हँडलरसकट, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या माणसासकट, महिन्याच्या भाड्यावर येतो. ऐरोलीतल्या ज्या ऑफिस संकुलाचं प्रशासन मी बघते तिथे ही सेवा आम्ही बरीच वर्षं घेतोय. मधे एजन्सी बदलली. नव्या एजन्सीचं काम आता उन्हाळा, पावसाळा, गणपती, दिवाळी सगळ्यांत बघून झालंय, म्हणून लिहायला बसले. करारातल्या अटीमुळे दोन्ही एजन्सींची नावं देता येत नाहीत. पण काय बघायचं, काय विचारायचं आणि पैसे नेमके कशाचे द्यायचे, ते सगळं सांगते.

आधी काम काय असतं ते. सकाळी आठ ते साडेदहा-अकरा या वेळात गाड्यांची रांग लागते. हँडलर कुत्र्याला गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करून एक फेरी मारतो. चाकांच्या कमानी, दारांच्या फटी, डिकी. संशयाचा वास आला तर कुत्रा भुंकत नाही, खरवडत नाही, त्या जागी गप्प बसतो. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला मुद्दाम असंच शिकवतात, कारण जिथे बॉम्ब असू शकतो तिथे पंजा मारून चालत नाही. दुपारी कुरिअरची खोकी, महिन्यातून एकदा बेसमेंट आणि सभागृह. बाहेरून बघणाऱ्याला हे काम हलकं वाटतं. कुत्र्यासाठी ते अजिबात हलकं नसतं.

माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. हुंगताना तो सेकंदाला पाचेक वेळा लहान लहान श्वास आत घेतो. नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून हवा बाहेर सोडतो, म्हणजे समोरचा वास विस्कटत नाही. हे सगळं तोंड मिटलेलं असताना नीट चालतं. आणि गरम झालं की कुत्र्याला तोंड उघडावंच लागतं, कारण त्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांतून, तोही नावापुरता. अंग थंड करायला धापा टाकणं हाच त्याचा मुख्य मार्ग. धापा सुरू झाल्या की हुंगणं गेलं. आमचे सध्याचे हँडलर सातारा जिल्ह्यातले, लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमधून, म्हणजे लष्करातले प्राणी सांभाळणाऱ्या दलातून, निवृत्त झालेले. सगळे त्यांना फौजीकाका म्हणतात. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "ताई, कुत्रं दमलं की त्याचं नाक आधी दमतं. पाय चालत राहतात, म्हणून माणसाला कळत नाही."

हे वाक्य मला इतकं पटलं, कारण आधीच्या एजन्सीच्या काळात मी ते डोळ्यांनी बघितलं होतं.

त्यांचा कुत्रा बादल. जर्मन शेफर्ड, डाव्या कानाचं टोक फाटलेलं, स्वभावाने फार गरीब. कागदावर सगळं झकास होतं: परवाना, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, लसीकरणाचं कार्ड, दर महिन्याला ठसठशीत शिक्का मारलेला अहवाल. प्रत्यक्षात बादल सकाळी सात ते संध्याकाळी सात आमच्याकडे. दोन फेऱ्यांच्या मधे त्याला ठेवायचे जनरेटर रूमच्या मागे, पत्र्याखालच्या पिंजऱ्यात. वीज गेली की जनरेटर सुरू, त्या घरघरीत आणि डिझेलच्या वासात तो पडून असायचा. ज्याच्या नाकाचे आपण पैसे भरतो, त्याला डिझेलच्या धुरात ठेवायचं, यावर माझं त्यांच्या सुपरवायझरशी मोठं भांडण झालं. हँडलर दर काही आठवड्यांनी बदलायचा. एकदा तर आमच्याच गेटवर पावत्या फाडणाऱ्या मुलाच्या हातात पट्टा दिला होता. त्या मुलाची काही चूक नव्हती, त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं. कुत्र्याला मागे खेचत तो रांग संपवायचा आणि वहीत 'तपासणी झाली' असं लिहायचा.

मे महिन्यात दुपारी पेव्हर ब्लॉक तापलेले असताना बादल एक-एक पाय उचलून उभा राहायचा. पंजे उलटे करून बघितले तर गाद्यांची कातडी सोलवटलेली. ऐरोलीची हवा तुम्हाला माहीत आहे, खाडीचा दमटपणा आणि वर ऊन. दमट हवेत धापा टाकूनही अंग लवकर थंड होत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०६ च्या वर गेलं की उष्माघाताने आतले अवयव बिघडायला लागतात आणि मग वाचवणं कठीण. बादल तोंड उघडं टाकून गाड्यांच्या शेजारून नुसता चालत जायचा. एकाही चाकाजवळ नाक खाली जायचं नाही.

त्याच सुमारास ठाण्यात एका मॉलमध्ये संध्याकाळी गेले होते. गेटवर गाडी थांबवली, शेजारी कुत्रा आला, डाव्या कानाचं टोक फाटलेलं. आमच्याकडची बारा तासांची ड्युटी संपवून बादल तिथे रात्रीची करत होता. मी खिडकीतून हाक मारली तर शेपटी हलली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सगळं लेखी दिलं आणि करार पुढे वाढवायचा नाही, असं ठरलं.

नवीन एजन्सी निवडताना मी प्रेझेंटेशन बघितलं नाही. चार एजन्सींकडे एकच गोष्ट मागितली: कुत्र्याचा दिवसाचा तक्ता. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तो कुठे असतो, काय खातो, किती वेळ काम करतो. तिघांनी हँडलरचा ड्युटी चार्ट पाठवला. एकाने कुत्र्याचा पाठवला. त्यालाच काम दिलं. आधीच्या दरापेक्षा तो साधारण दीडपट महाग होता आणि वित्त विभागाला समजवायला मला बराच घसा कोरडा करावा लागला. शेवटी पटलं ते असं, की न हुंगणाऱ्या कुत्र्याला दिलेला प्रत्येक रुपया वायाच जातो, मग दर कितीही कमी असो.

आता गेटवर दोन कुत्री असतात. स्टेला, फिक्या पिवळ्या रंगाची लॅब्रेडॉर, सात वर्षांची, अनुभवी. आणि ब्राव्हो, काळा लॅब्रेडॉर, तीन वर्षांचा, उत्साही. वीस ते तीस मिनिटं एक काम करतो, तेवढा वेळ दुसरा विश्रांती घेतो. विश्रांती म्हणजे गेटशेजारची खोली. पंखा, रबरी चटई, पाण्याचं भांडं, आणि दाराला कडी, म्हणजे येणाजाणाऱ्यांनी डोकावायचं नाही. ही खोली आम्ही द्यायची ही त्यांची अट होती. खोली नसेल तर सेवा देणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. इतकं ठामपणे ग्राहकाला नकार द्यायची तयारी असलेली एजन्सी मी पहिल्यांदाच बघितली.

उन्हाळ्यात ड्युटी सकाळी सात ते दहा आणि मग थेट संध्याकाळी. दुपारच्या गाड्या गार्ड आरशाने आणि हाताने तपासतात. फौजीकाका दर फेरीआधी हाताचा पंजा उलटा करून पेव्हर ब्लॉकवर ठेवतात आणि मनात सात मोजतात. हाताला चटका बसला तर कुत्रा त्या जमिनीवर उतरत नाही, मग रांगेत कुणाची का गाडी असेना. एकदा मोठे साहेब थांबून राहिले होते. काकांनी नम्रपणे सांगितलं, "सर, गाडी सावलीत घ्या, तिथे तपासतो." साहेबांनी घेतली.

पावसाळ्यात धोका वेगळा. आपल्याकडे साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, माणसाला होतो तसा कुत्र्यालाही, आणि कुत्र्याकडून हँडलरलाही होऊ शकतो. त्यामुळे लेप्टोची लस दरवर्षी, वेळेवर. गोचीड चावली की रक्तातला ताप येऊ शकतो, प्लेटलेट्स उतरू शकतात, म्हणून महिन्याचं औषध आणि रोज रात्री अंगावरून बोटं फिरवून तपासणी. कान आणि बोटांच्या बेचक्या आधी. प्रत्येक ड्युटीनंतर पंजे धुऊन कोरडे करतात. हे सगळं कार्डावर तारखेनिशी लिहिलेलं असतं आणि ते कार्ड मला कधीही मागता येतं. वजनही दर पंधरवड्याला. लॅब्रेडॉर हावरट जात, चार किलो वाढलं की भार सगळा कमरेवर आणि कोपरांवर येतो. या जातीत खुब्याचा सांधा आनुवंशिकतेने सैल असण्याचं प्रमाण मोठं आहे, त्यामुळे वजन आवाक्यात ठेवणं म्हणजे त्या कुत्र्याची पुढची चार वर्षं सांभाळणं.

करार करण्याआधी मी त्यांचं केनेल बघायला गेले, शिळफाट्याच्या पुढे. ही भेट कुणीही टाळू नये. एजन्सी 'मॅडम, लांब आहे, फोटो पाठवतो' म्हणाली तर तिथेच समजून घ्या. मी न सांगता गेले, सकाळी. फिनेलचा उग्र वास नव्हता, कुजका वासही नव्हता. प्रत्येक कुत्र्याला आत झोपायला लाकडी फळी, बाहेर ऊन येईल असा मोकळा भाग, फरशीला उतार आणि मागे नाली. रात्री दिवे मालवतात, कारण कुत्र्यालाही गाढ झोप लागते. ती नसेल तर शिकलेलं टिकत नाही. खाण्याच्या वेळा ठरलेल्या, खाल्ल्यावर तासभर तरी पळवायचं नाही, नाहीतर पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो आणि जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत तो जास्त.

तिथे मला सगळ्यात जास्त आवडला तो सराव. विचार करा, आमच्या गेटवर खरं स्फोटक कधीच सापडत नाही, आणि सापडूही नये. पण कुत्र्याच्या बाजूने बघितलं तर तो रोज शंभरेक गाड्या हुंगतो आणि त्याला काहीही मिळत नाही. त्याच्यासाठी हा शोधाचा खेळ आहे आणि ज्या खेळात कधीच जिंकता येत नाही त्यातून कुणाचंही मन उडतं. म्हणून आठवड्यातून ठरावीक वेळा सरावाचा नमुना लपवतात. कधी केनेलवर, कधी आमच्याच पार्किंगमध्ये, हँडलरलासुद्धा न सांगता. हँडलरला जागा माहीत असेल तर नकळत त्याचं पाऊल तिथे रेंगाळतं आणि कुत्रा वासाऐवजी माणूस वाचतो. कुत्र्याने शोधून बसकण मारली की लगेच त्याचा चेंडू त्याला मिळतो. स्टेलाचा चेंडू हिरवा, चावून चावून अर्धा झालाय. तो मिळाल्यावर ती जी लोळते, ते बघून आमच्या पार्किंगमधले ड्रायव्हर कामं सोडून उभे राहतात. पट्ट्याचा हिसडा, आरडाओरडा, मार, यातलं काहीही मी तिथे बघितलं नाही. तुम्ही गेलात तर हेच बघा: हँडलरने हात वर केला की कुत्रा त्याच्याकडे बघतो की अंग चोरतो. कागदावर ते लिहिलेलं नसतं.

फौजीकाकांबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण ही सेवा निम्मी त्यांची आहे. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे. त्यात परवाना लागतो, गार्डचं प्रशिक्षण लागतं. पण कुत्र्याशी एकनिष्ठ राहील असा माणूस ठेवायचा, तर त्याला त्या प्रमाणात पगार आणि हक्काची रजा लागते. मी एजन्सीला सरळ विचारलं होतं: हँडलरला आठवड्याची सुट्टी आहे का, पीएफ भरता का, गावी गेला तर बदली कोण? बदली हँडलर ठरलेला आहे, कुत्री त्याला ओळखतात, महिन्यातून काही दिवस तो मुद्दाम त्यांच्यासोबत असतो. काका सुट्टीवर गेले तर स्टेला पहिल्या दिवशी थोडी मंद असते, दुसऱ्या दिवशी ठीक. त्या दिवशी तिचं काम कमी ठेवतात आणि मला आधी कळवतात. हे कळवणं मला फार मोलाचं वाटतं.

गणपतीत संकुलात बाप्पा येतात, ढोलताशा असतो. मिरवणुकीची वेळ मी त्यांना आधी देते आणि कुत्री त्याआधी गाडीत बसून निघालेली असतात. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी उंच पट्टीचा आवाज ऐकू येतो, ताशाची थाप त्याच्या कानाला काय होत असेल याचा विचार आपण करत नाही. दिवाळीच्या आठवड्यात संध्याकाळची ड्युटी बंद. याचे पैसे ते कापत नाहीत आणि मीही मागत नाही.

आता निवृत्ती. कराराच्या मसुद्यात मी हाताने घातलेलं एकमेव कलम हे आहे. कुत्रा साडेआठ वर्षांचा झाला किंवा डॉक्टरांनी कामाला अयोग्य ठरवला, यातलं जे आधी होईल तेव्हा तो कामातून मोकळा. त्यानंतर तो कुठे राहणार हे एजन्सीने आम्हाला लेखी कळवायचं. सांभाळायची इच्छा असेल तर पहिला हक्क हँडलरचा.

हे कलम घालायचं कारण बादल. करार संपल्यावर मी विचारलं, तो कुठे आहे? 'दुसऱ्या साइटला टाकलाय.' कंपनीच्या लेटरहेडवर लेखी विचारलं, उत्तर आलं नाही.

मुंबई पोलिसांचा झंजीर ठाण्या-मुंबईतल्या माझ्या वयाच्या माणसांना आठवत असेल. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने ३,३२९ किलोहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. २००० साली हाडांच्या कर्करोगाने गेला तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता आणि त्याला पोलीस इतमामात निरोप दिला गेला. २६/११ च्या वेळी काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतावर राहिले, मोकळ्या जागेत, एकमेकांच्या सोबतीने. चौघेही २०१६ मध्ये गेले. लष्करात पूर्वी कामाला निरुपयोगी ठरलेल्या कुत्र्यांना मारून टाकायची पद्धत होती. २०१५ च्या सुमारास हा विषय न्यायालयात गेला आणि धोरण बदललं, आता निवृत्त कुत्र्यांना सांभाळतात, दत्तकही देतात. फौजीकाका त्या जुन्या दिवसांविषयी बोलत नाहीत. विषय निघाला की उठून भांडी धुवायला लागतात.

सरकारी कुत्र्याच्या मागे निदान खातं असतं, वर्तमानपत्र असतं. मॉलच्या गेटवरच्या कुत्र्याच्या मागे फक्त तो करार असतो, ज्यावर आपण सही करतो. म्हणून त्यात त्याच्या म्हातारपणाची ओळ असलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. शिळफाट्याच्या केनेलला मागच्या बाजूला तीन निवृत्त कुत्री बघितली. एकाला संधिवात, त्याच्यासाठी जाड गादी. त्याचा खर्च आमच्यासारख्या ग्राहकांच्या दरातून निघतो, हे त्यांनी लपवलं नाही. मला तो खर्च योग्य वाटतो.

तक्रारी आहेत, त्याही सांगते. बिल दर महिन्याला उशिरा येतं. गाडीचा इंधन अधिभार करारात संदिग्ध लिहिला होता, त्यावरून दोनदा वाद झाला. ब्राव्होचं पोट बिघडलं त्या आठवड्यात तिसरा कुत्रा यायला दोन दिवस लागले. आणि 'काम सुरू असताना कुत्र्याला हात लावू नका' ही पाटी त्यांनी फक्त इंग्रजीत लावली होती, ती मी मराठी-हिंदीत करून घेतली. लोकही ऐकत नाहीत. बिस्किटं देतात, सेल्फी काढतात. बिस्किटाची साखर त्याच्या वजनावर जाते, मनुके आणि चॉकलेट तर विषच. कुणी प्रेमाने पॅरासिटामॉल द्यायला गेलं तर तेही कुत्र्याला घातक. आणि कामात असताना लक्ष विचलित झालं की पुढची गाडी वाया गेली. प्रेम असेल तर दुरून बघा, हसा, पुढे जा.

घोडबंदर रोडवरच्या माझ्या बहिणीच्या सोसायटीने चौकशी केली होती, 'रात्री गेटला बांधायला एखादा कुत्रा मिळेल का'. मी स्पष्ट नाही म्हटलं. रात्रभर साखळीला बांधलेला कुत्रा ही सेवा नाही. प्राण्यांच्या छळाला आळा घालणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ नीट वाचा: आखूड वा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं, कामाला अयोग्य प्राण्याकडून काम करून घेणं, हे त्यात छळ म्हणूनच मोजलं आहे. सोसायटीला दिवे, कॅमेरे आणि जागा राहणारा वॉचमन पुरतो. स्फोटकं शोधणारा कुत्रा लागतो तो जिथे रोज अनोळखी गाड्या शेकड्याने येतात तिथे, आणि त्याला विश्रांतीची खोली देता येते तिथेच.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बिलासाठी आणि बदली कुत्र्याच्या उशिरासाठी. स्टेला पुढच्या वर्षी साडेआठच्या जवळ पोचेल. फौजीकाकांनी तिच्यासाठीचा अर्ज आत्ताच भरून माझ्याकडे दिलाय, साताऱ्याच्या पत्त्यासह, आणि मी तो कराराच्या फाइलला लावलाय. नवी मुंबईतलं कुणी अशी सेवा घ्यायच्या विचारात असेल तर आमच्या गेटवर सकाळी साडेआठला येऊन उभं राहा, परवानगी मी देते. गाड्या बघू नका, विश्रांतीच्या खोलीकडे बघा.